मुनीमजींची आंघोळ

आमच्या तळोद्याच्या घरमालकांइतका उजेडाच्या नादी लागलेला, आणि तरीही उजेडाला इतका भिणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. तीन पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं राजस्थानातून इकडे आलं आणि बाजारपेठेत कापडाचं दुकान थाटून इथलंच झालं. सगळं गाव त्यांना शेटजी म्हणायचं, मीही तेच म्हणू लागलो. शेटजी पक्के जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण, उकळलेलं पाणी, आणि दिवेलागण झाली की घरात दिवा नाही, कारण दिव्यावर पाखरं येतात, पाखरं मरतात आणि त्याचं पाप दिवा लावणाऱ्याला. सगळी गल्ली झगमगत असताना आमचं घर तेवढं काळंठिक्कर असायचं. नवा पाहुणा शेजाऱ्यांना विचारी, हे लोक गावाला गेलेत का? आणि असा हा माणूस दिवसभर दुकानाच्या गादीवर साड्यांच्या थप्प्यांआड बसून काय करायचा, तर बॅटऱ्या खोलायचा. बॅटऱ्या म्हणजे हातात धरायच्या, ज्यांना पुस्तकात विजेरी म्हणतात त्या. सातपुड्याच्या अर्ध्या पायवाटा शेटजींनी उजळल्या आणि स्वतः मात्र भिंत चाचपत अंथरुणावर गेले.

मी भूकरमापक. जमिनी मोजायच्या नोकरीत बदली होऊन तळोद्याला आलो आणि शेटजींच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच आठवड्यात, आश्विनातल्या एका संध्याकाळी गॅलरीत ट्यूबलाइटखाली मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. जिन्यात कुणीतरी पायऱ्या मोजत येतंय असं वाटलं. अंधारातून शेटजी आले, हात जोडून उभे राहिले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले की साहेब, तुमच्या दिव्याखाली आत्तापर्यंत एकोणीस जीव पडलेत. मी खाली पाहिलं. ते जिना चढतानाच वर बघत मोजत आले होते. एक मोजणारा दुसऱ्या मोजणाऱ्याला सापडला होता. मी दिवा मालवला. तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून अंगठ्याएवढी बॅटरी काढून माझ्या हातात ठेवली. तिचा उजेड इतका मंद, की त्याला उजेड म्हणावं की उजेडाची आठवण, असा प्रश्न पडावा. पण डोळे सरावल्यावर बातमी वाचता आली. शेटजी म्हणाले, "पायाखालची मुंगी दिसली पाहिजे, आणि पतंगाला खबर लागता कामा नये. एवढाच उजेड माणसाला पुष्कळ."

असा उजेड बाजारात मिळत नाही. बाजारात मिळतात त्या बॅटऱ्यांना पाच तऱ्हा. एकदा दाबलं की लख्ख, पुन्हा दाबलं की मध्यम, मग मंद, मग लुकलुक, मग जहाज बुडताना करतात तसली कसलीशी खूण. तळोद्यापासून समुद्र किती लांब आहे ते मी माझ्या साखळीने मोजून देऊ शकलो असतो, पण कारखानदाराला त्याचं काय. तर हा सगळा खेळ बॅटरीच्या डोक्यात बसवलेल्या रुपयाएवढ्या गोल चकतीवर चालतो. चकतीच्या मधोमध आठ पायांची एक काळी चिप असते, आणि कधी किती उजेड सोडायचा ते ती ठरवते. मी एकदा तिला कोळी म्हणालो. शेटजींनी कानाला हात लावले. तिला चिमट्यात पकडायचं असतं, म्हणाले, जिवाचं नाव देऊ नका. त्यांनी तिचं नाव मुनीमजी ठेवलं होतं. मुनीमजी गादीवर बसून उजेड मोजून देतात. मालकाने जुना हुकूम पुसून नवा हुकूम दिला, की ते नव्या हुकमाप्रमाणे देऊ लागतात. शेटजींच्या दुकानात जुना कॉम्प्युटर होता, त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला आठ दातांचा चिमटा. चिमटा मुनीमजींच्या आठ पायांवर बरोबर बसला की कॉम्प्युटर आधी विचारतो, आपण कोण? मुनीमजी आपली ओळख सांगतात, तिचा आकडा पडद्यावर उमटतो. तो उमटला की शेटजी पडद्याला "जय जिनेंद्र" म्हणत आणि मगच नवा हुकूम पाठवत. पायांवर जरा मळ असला, की बहुतेक वेळा ओळख पटत नाही. पडद्यावर नुसती शून्यं येतात.

म्हणून शेटजींचा सगळा धर्म एका गोष्टीत मावला होता: आधी आंघोळ. चकती कशीही असो, नवी असो की जुनी, धुतल्याशिवाय ते तिला चिमटा लावत नसत. कारखान्यात चिप चकतीवर डाग देऊन जोडताना वापरलेली राळ चिपच्या पायांशी डिंकासारखी सुकून बसलेली असते, शिवाय घाम, धूळ, तंबाखूची पूड, सेल फुटून निघालेला पांढरा क्षार. शेटजींकडे केस अर्धे कापलेला दात घासायचा ब्रश होता आणि स्पिरिटची बाटली होती. दोन थेंब टाकायचे, पायांच्या मुळाशी ब्रश हळूहळू फिरवायचा, मग मलमलीच्या तुकड्याने टिपायचं, मग पुन्हा दोन थेंब. चष्म्यावर घड्याळजीचं भिंग लावून प्रत्येक पायाच्या दोन्ही बाजू बघायच्या. एका चकतीला पाऊण तास. या बाटलीवर इंग्रजीत अल्कोहोल असं ठळक छापलेलं होतं. एकदा शेटजींचे धाकटे साडू अचानक दुकानात आले, त्यांनी ती गादीशेजारी पाहिली आणि काही न बोलता परत गेले. दोन दिवसांत ही खबर थेट सुरतेच्या नातलगांपर्यंत पोहोचली. शेटजींनी खुलासा म्हणून बाटलीवर कागद चिकटवून लिहिलं, "हे पिण्याचे नाही." त्याने संशय जास्तच वाढला. शेवटी शेटजींच्या पत्नी, म्हणजे भाभीजींनीच ती बाटली देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर नेऊन ठेवली. तिथे ठेवलेल्या वस्तूबद्दल वाईट बोलायची छाती नातलगांना झाली नाही.

आंघोळीच्या या वेडाचा दुकानावर परिणाम व्हायचाच. कोणत्या कापडाचा धागा सुटतो आणि कोणत्याचा नाही हे शेटजी चकत्या पुसून पुसून शिकले होते, आणि ही विद्या गिऱ्हाइकापासून लपवणं त्यांना जमत नसे. म्हसावदच्या एका कुटुंबाने लग्नाचा बस्ता बांधायला घेतला होता. नवरीला एक साडी मनापासून आवडली. शेटजींनी साडीचा पदर बोटांत चोळून खिन्नपणे सांगितलं की हिचा धागा सुटतो, ही पुसायच्या कामाची नाही. नवरीची आई उठून समोरच्या दुकानात गेली. भाभीजी आतून म्हणाल्या की तिला साडी नेसायची होती हो, पुसायचं काही नव्हतं. शेटजींना ते पटलं, पण उशिरा.

बिघाड शोधायची त्यांची रीत ठरलेली होती. कुणी बॅटरी आणली की ती आधी हुंगायची. मग सेल मीटरला लावायचा. मग झाकणाचे आटे पुसायचे, मागची स्प्रिंग घासायची, आतली पितळी कडी ढिली आहे का ते पाहायचं. बहुतेक बॅटऱ्या एवढ्यानेच सुरू होत. गिऱ्हाईक उसाच्या शेतातलं असेल तर शेटजी त्याच्याच अहिराणीत सांगायचे, "दादा, तुन्ही बॅटरी बिघडेल नही शे, मळेल शे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की मोजणीच्या नकाशात हद्द जुळली नाही की मीही आधी फडक्याने यंत्र पुसू लागलो. चकत्यांचं हे शास्त्र ते शिकले मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून. बोलणं काडीचं कळत नसे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, इंग्रजी नाही येत, पण हात तर दिसतात ना.

आता त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतो. मला ती सांगायला आवडत नाही, पण ती सांगितल्याशिवाय शेटजी पुरे सांगून होत नाहीत.

मोलगीच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर रमीलाताई नावाची आशा कार्यकर्ती होती. तिशीची, सडपातळ, बोलायला मोजकी. घरी भिली, आमच्याशी शाळेतली स्वच्छ मराठी. ती एक दिवस जीपने तळोद्याला आली आणि पिशवीतून सात बॅटऱ्या काढून शेटजींच्या गादीवर मांडल्या. कुणा भल्या माणसाने पाड्याला भेट दिलेल्या. तिच्या पाड्यापर्यंत गाडी जात नाही. बाळंतीण अडली की बांबूला झोळी बांधून चौघे जण तिला खालच्या रस्त्यापर्यंत आणतात, दोन-अडीच तासांची उतरण. या बॅटऱ्यांना चालताना हिसका बसला की त्या आपोआप तऱ्हा बदलायच्या. नीट उजेड पडलेला असताना मध्येच लुकलुक सुरू व्हायची आणि झोळीवाल्यांना पाय कुठे टाकावा ते कळेनासं व्हायचं. एक जण घसरलाही होता. आषाढात पाड्यावरच्या दोघी मोकळ्या होणार होत्या.

"शेटजी, मला पाच तऱ्हेचा उजेड नको," ती म्हणाली. "एकच द्या. पण तो जाऊ नये."

शेटजींनी साड्यांची एक अख्खी थप्पी उचलून खाली ठेवली आणि गादीवर जागा केली. हिसक्याने तऱ्हा का बदलते हे त्यांना लगेच उमगलं होतं. आटे मळलेले, त्यामुळे क्षणभर वीज तुटते, आणि मुनीमजींना वाटतं मालकाने बटण दाबलं. तेव्हा आटेही पुसायचे, आणि मुनीमजींना हुकूमही एकच द्यायचा: लागलास की लागून राहा.

रमीलाताई दोन दिवस तळोद्यात बहिणीकडे राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने तिला जायचं होतं. शेटजींनी गिऱ्हाइकांना समोरच्या दुकानात पाठवून पाच चकत्या पुऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशीचा सूर्य कलला आणि दोन उरल्या. सूर्यास्तानंतर ते भिंग लावत नसत. त्यांनी दोन्ही चकत्या मलमलीत गुंडाळून ब्रश आणि बाटलीसकट माझ्या हातात दिल्या. तोपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून पुष्कळ चकत्या धुतल्या होत्या, त्यांचा माझ्यावर विश्वास होता. एक मी नीट धुतली. दुसरी हातात घेतली आणि गावाकडून भावाचा फोन आला. बोलणं लांबलं, मला कंटाळा आला. चकती वरून तर लखलखीत दिसत होती. मी ती नुसती फडक्याने पुसली आणि पहिलीबरोबर गुंडाळून ठेवली.

सकाळी शेटजींनी विचारलं, दोन्ही धुतल्या? मी हो म्हणालो. पायांच्या मुळाशी? मी म्हणालो, हो हो. बाहेर जीपवाला भोंगा वाजवत होता. शेटजींनी चिमटा लावला, ओळख पहिल्या झटक्यात पटली, नवा हुकूम गेला, बॅटरी लागली आणि आपटून, हलवूनही लागून राहिली. मला वाटलं, पाऊण तास वाचला.

आषाढ सरता सरता रमीलाताई पुन्हा आली. या वेळी तिने एकच बॅटरी आणली होती. तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात कुठेच नव्हता, जे घडलं ते तिने क्रमाने सांगितलं. पहाटेपूर्वी झोळी घेऊन ते उतरत होते. पाऊस होता. पुढे एक बॅटरी, मागे एक. नाल्याच्या वरच्या अवघड उतारावर पुढची हळूहळू मंदावली आणि विझली. मागच्या एका बॅटरीवर चौघांना ती निसरडी उतरण उतरता येईना. त्यांनी झोळी एका सागाखाली टेकवली. फटफटायला लागलं तेव्हा तिथेच मुलगी झाली.

"दोघी बऱ्या आहेत," ती म्हणाली. "पण बॅटरी का विझली तेवढं बघा. अजून एक जण बाकी आहे."

शेटजींनी तिच्यासमोरच बॅटरी खोलली. भिंग लावलं. मी गादीच्या कडेला बसलो होतो, तिथूनही मला दिसत होतं काय दिसणार ते. चिपच्या दोन पायांमध्ये राळ तशीच होती, तिच्यात पावसाची ओल शिरली होती आणि पायांच्या मुळाशी हिरवा गंज चढला होता. शेटजी इतका वेळ त्या भिंगातून बघत राहिले, की रमीलाताईने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. मग शेटजींनी भिंग काढून ठेवलं आणि तिला म्हणाले, "चूक माझी आहे, ताई. मी न बघता दिली."

त्या दिवशी शेटजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. भाभीजी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या की पर्व नाही, तिथी नाही, उपास कसला धरलाय ते सांगत नाहीत. मी मान खाली घालून वर गेलो. मी मात्र जेवलो, दोन्ही वेळा, आणि ते मला अजून आठवतं. शेटजींनी मोलगीच्या जीपवाल्यांकडून निरोप धाडून बाकीच्या बॅटऱ्याही दोन-दोन करून परत मागवल्या, सगळ्या पुन्हा खोलल्या, पुन्हा धुतल्या. मी रोज कचेरीतून येऊन त्यांच्याजवळ बसायचो आणि ब्रश हातात घ्यायचो. त्यांनी मला अडवलं नाही, विचारलं नाही. प्रत्येक चकती माझ्या हातातून घेऊन फक्त भिंगाखाली धरायचे. पाड्यावरची दुसरी बाई नीट दवाखान्यापर्यंत पोहोचली असा निरोप आला, त्या दिवशी त्यांनी जीपवाल्याला पेढे दिले आणि एक मलाही दिला. तो पेढा मी खिशात ठेवला. खिसा चिकट झाला.

भाद्रपदात त्यांचं पर्युषण संपलं. शेवटच्या दिवशी जैन माणूस ओळखीच्या प्रत्येकाची क्षमा मागतो, हे मला ऐकून माहीत होतं. पण आपला घरमालक आपल्यापुढे हात जोडून उभा राहील असं वाटलं नव्हतं. शेटजी उपासाने सुकले होते. ते जिना चढून आले, चप्पल बाहेर काढली आणि माझ्याच भाड्याच्या खोलीच्या दारात वाकून म्हणाले, "मोजणीसाहेब, वर्षभरात जाणता-अजाणता माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्." मग अजाणता काय काय झालं असेल त्याची त्यांनी यादीच सांगितली. पहिल्या आठवड्यात माझा दिवा मालवायला लावला. पाण्याची मोटर एकदा उशिरा लावली. माझ्या टोपीने चुकून चकती पुसली, हे तर मला माहीतच नव्हतं.

मला पुढे ऐकवेना. मी म्हणालो, शेटजी, ती चकती मी धुतली नव्हती.

ते वरच्या पायरीवर बसले. मीही बसलो.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? उपास तुम्ही का केलात?

"तपासून द्यायचं काम माझं होतं. ती माझी चूक, तिचा उपास मी केला. तुमची तुमच्यापाशी होती. ती मी कशी उचलणार?" मग म्हणाले, "त्या ताईलाही सांगा. तिचा हक्क आहे." आणि गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले की आता खाली चला, दोन चकत्या भिजत घातल्यात.

रमीलाताईला सांगायला मी मोजणीचं निमित्त काढून मोलगीला गेलो. आठवडी बाजार भरला होता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. विचारलं, आता नीट धुता ना? मी हो म्हणालो. हे हो तपासून घेतल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या हातातून त्याची बॅटरी घेतली आणि माझ्याकडे दिली. ही पण न्या, म्हणाली.

पुढे माझी बदली झाली. शेटजींना गुडघे साथ देईनात, तेव्हा मुलांनी दुकान भाड्याने देऊन दोघांना सुरतेला नेलं. मागच्या थंडीत मी मुद्दाम जाऊन आलो. अकरावा मजला, लिफ्ट, संगमरवरी फरशी, तिच्यावर एकही मुंगी नाही. मुलाने गॅलरीत त्यांना टेबल करून दिलं होतं. त्यावर कॉम्प्युटर, चिमटा, भिंग, बाटली, सगळं पुसून ओळीने मांडलेलं. पण सोसायटीच्या वॉचमनची बॅटरी सोडली तर कुणी काही आणत नव्हतं, आणि तिला त्यांनी आतापर्यंत इतक्यांदा आंघोळ घातली होती, की वॉचमन आता ती लपवून ठेवतो असं भाभीजी म्हणाल्या. संध्याकाळ झाली. समोरच्या इमारतींमध्ये एकदम हजारो दिवे लागले. शेटजींनी जेवण केव्हाच आटोपलं होतं. गॅलरीतल्या खुर्चीवर बसून ते म्हणाले, "इथे अंधारच पडत नाही, साहेब."

मग त्यांनी विचारलं, तळोद्याला लाइट जाते का अजून?

खरं सांगायचं तर आता तिकडे लाइट पूर्वीसारखी जात नाही. मोलगीच्या रस्त्यालाही खांब आले आहेत. पण मी म्हणालो, जाते तर. रोज दोन-तीन तास तरी जाते. कधी कधी सबंध रात्र.

शेटजींनी समाधानाने मान हलवली. "मग लागत असतील बॅटऱ्या," ते म्हणाले.

"लागतात," मी म्हणालो. मग आम्ही दोघे बराच वेळ समोरच्या दिव्यांकडे बघत बसून राहिलो.